उभ्या गाडीतला आवाज

आबा,

आज दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगच्या चाकावर बसले. तेही तुमच्या त्या शिष्येच्या घरी, बारामतीला. उद्या तिच्या गाडी शिकवायच्या नव्या खोलीचं उद्घाटन आहे आणि मुख्य भाषण माझं आहे. भाषणाची टिपणं काढायला कागद घेतला आणि वर 'आबा' लिहून बसले. टिपणं तशीच राहिली. सभेत मी अडखळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. इथं अडखळेन, कारण इथं टाळ्या वाजवायला कुणी नाही.

आधी आपली शेड आठवते. इंदापूरच्या घराच्या मागं, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, पत्र्याची. वालचंदनगरच्या कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून तुम्ही मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलंत तेव्हा आपल्याकडं एकच जीप होती, आणि शिकायला येणारा प्रत्येक जण तिची क्लचप्लेट जाळत होता. तिसऱ्यांदा क्लच उतरवलात त्या दिवशी जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "माणसं उभ्या गाडीवर शिकली पायजेत. गाडी हलायची न्हाय, रस्ता हलंल." आई म्हणाली, "हलवा रस्ता. पण आधी शेडमधली माझी सरपणाची जागा तेवढी ठेवा." जागा राहिली नाही. महिनाभरात हायवेच्या भंगारवाल्याकडून एका मोडक्या ट्रकचं केबिन आलं आणि ते सरपणाच्या जागेवर बसलं.

पुढचं मला अजून तोंडपाठ आहे. केबिनसमोर दोन मोठे लाकडी रूळ, त्यांच्यावरून फिरणारी ताडपत्री, ताडपत्रीवर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून काढून घेतलेला इंदापूर-बारामती रस्ता. निमगावचे पानमळे होते, लासुर्ण्याच्या अलीकडचा कालव्यावरचा पूल होता, दोन्ही बाजूंना ऊस होता. पेंटरनं हौसेनं एका बांधावर मोर काढला होता, तो तुम्ही पुसायला लावलात, "मोर बघत बसतील लेकाचे." रुळांना कडबाकुट्टीची मोटार. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पट्टा सरकायचा आणि रस्ता वेगात पळायचा. ब्रेक दाबला की लाकडी ठोकळा रुळाला घासायचा आणि रस्ता थांबायचा. स्टिअरिंगला लांब गज जोडला होता आणि गजाच्या टोकाला, त्या पळत्या रस्त्यावर, पत्र्याची छोटी लाल मोटार. ती मोटार कडेच्या तारेला लागली की घंटा वाजायची. क्लचला मात्र खऱ्या ट्रकची स्प्रिंग. दहा वेळा दाबला की मोठमोठ्या मिशीवाल्यांच्या पिंढऱ्या थरथरायच्या.

सकाळी शिकवणी आणि रविवारी संध्याकाळी शर्यत. आठवतं ना? हायवेवरचे ट्रकवाले, कंपाउंडर, शाळेतले ड्रिलचे सर, सगळे शेडबाहेर रांगेत. रस्त्याचे पाच फेरे, घंटा न वाजवता, कमीत कमी वेळात. ड्रिलच्या सरांचं स्टॉपवॉच तुमच्या हातात. एक ट्रकवाला तिसऱ्या फेऱ्यात घंटा वाजवून उतरला आणि म्हणाला, "मास्तर, माजी गाडी वीस टनाची हाय, हिला वजनच न्हाय!" तुम्ही म्हणालात, "वजन गाडीला नसतंय, डोक्यात असतंय. उतर खाली." रांग खिदळत होती. मीही हसले होते. त्या शेडमधलं माझं हसणं मला अजून ऐकू येतं, कारण पुढं ते बंद झालं.

कारण तुमच्या रस्त्यावर एक गोष्ट कमी होती. ताडपत्रीवरची म्हैस कायम एकाच जागी उभी राहते. दोन फेऱ्यांत माणसाला पाठ होते. तुम्हाला अवचित येणारी म्हैस हवी होती, आणि ती माझ्या गळ्यात होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. बारामतीच्या कॉलेजात शिकत होते, मिळेल ते पुस्तक वाचत होते, जयंतीच्या मंचावर बोलायला उभी राहिले की पार एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू जायचं असं लोक म्हणत. तुम्ही मला केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर बसवलंत आणि सांगितलंत, "मनाला यील तवा वरडायचं. म्हैस, सायकल, बैलगाडी, काय बी." मी ओरडायची. त्यांनी ब्रेक दाबायचा. आवाजानंतर रस्ता दोन वितींपेक्षा जास्त सरकला, तर तुम्ही खडूनं केबिनच्या दारावर रेघ मारायचात: म्हैस मेली. मला ते फार आवडलं होतं, आबा. माझ्या एका शब्दावर दांडगी माणसं दचकायची. वक्ता म्हणून माझं पहिलं शिक्षण कुठल्या स्पर्धेत झालं नाही, त्या फळीवर झालं.

मग ती आली. निमगावच्या पलीकडच्या वस्तीवरची, माझ्याच वयाची. तिच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता थोडी शेती आणि भावाचा दुधाचा टेम्पो. टेम्पोवर ड्रायव्हर टिकत नव्हते. कुणी सणाला गेला की परतायचा नाही आणि दूध कॅनमध्ये नासायचं. डेअरीनं सांगितलं होतं की महिन्यात पक्का ड्रायव्हर दाखवा, नाहीतर गावोगावचं दूध गोळा करायचं काम दुसऱ्याला देऊ. तिनं घरात सांगितलं, मी चालवते. भाऊ तिला घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "मास्तर, हिला ठेवून बघा. न्हाय जमलं तर न्हाय जमलं." तिनं फक्त तुमच्या पायांकडं पाहिलं. तुमच्या पायांत रबरी चपला होत्या. दुसऱ्या दिवशी तीही तशाच चपला घालून आली. तुमच्या ते लक्षात आलं. माझ्या कुठल्या गोष्टी तुमच्या अशा लक्षात आल्या होत्या, ते मी त्या दिवसापासून आठवू लागले.

मी तुम्हाला विचारलं होतं. एकदाच, पण विचारलं होतं. तिचा पाचवा की सहावा दिवस असेल. ती गेल्यावर तुम्ही रुळाला ग्रीस लावत होता. मी म्हटलं, "आबा, मला पण बसू द्या की चाकावर." तुम्ही वर न बघता म्हणालात, "तू बसलीस तर वरडायचं कुणी?" मी म्हटलं, "ती ओरडेल." तेव्हा तुम्ही वर बघितलंत. "तिला तोंड न्हाय. तुला हाय. चाकाला मुकं माणूस लागतं, बाई. तू दोन मिंटं गप बसत न्हाईस." बस. एवढंच. तुम्ही परत ग्रीस लावायला लागलात. त्याच आठवड्यात मी कॉलेजात बोलले होते, विषय होता 'बाईच्या हाती चाक द्या'. पहिला नंबर. स्टीलचा पेला. तुम्ही सभागृहाच्या मागं उभे होता. बाहेर आल्यावर म्हणालात, "झाक बोललीस. उद्या सा वाजता शेडमदी ये, ती यायचीय." दुसऱ्याच्या लेकीला चाक आणि स्वतःच्या लेकीला म्हशीचा आवाज. हे वाक्य मला तिथंच सुचलं होतं. चाळीसेक वर्षं मी ते कुठल्याही मंचावर वापरलेलं नाही.

मत्सर हा शब्द मी भाषणात फार वेळा वापरला आहे. समाजाचा मत्सर, जातीचा मत्सर, सत्तेचा मत्सर. खरा मत्सर इतका मोठा नसतो. तो एका भाकरीएवढा असतो. ती लांबून यायची म्हणून आई तव्यावरची पहिली भाकरी खिडकीतून तिला द्यायची, वर दुधाची वाटी, आणि मी दुसरीची वाट बघत बसायची. गिअर शिकवताना तुम्ही तिच्या मुठीवर मूठ ठेवायचात, ग्रीसनं काळी झालेली, आणि तिच्या हाताला लागलेला काळा डाग ती पुसायची नाही. रविवारच्या शर्यतीत तिनं ट्रकवाल्यांना मागं टाकलं त्या संध्याकाळी तुम्ही सरांना स्टॉपवॉच दाखवत म्हणालात, "बघा की वं, माज्या पोरीनं काय केलंय!" सरांनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तुम्ही माझ्याबद्दलच बोलताय.

म्हणून ती पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर चुकली तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगते. जीपमध्ये ती चाकावर, तुम्ही शेजारी, मी मागं. निमगावच्या पुढं रस्त्याच्या मधोमध म्हैस उभी. लांबून दिसत होती. तिनं वेग कमी केला नाही. म्हैस मोठी होत गेली. शेवटी तुम्ही हँडब्रेक उपसलात, जीप रस्त्यात आडवी फिरून थांबली आणि म्हशीनं शेपटी हलवली. तुम्ही ओरडलात, "दिसली न्हाय का?" ती शांतपणे म्हणाली, "दिसली की. पण ताई वरडल्या न्हाईत."

तुम्ही आधी हसलात. मग टोपी काढून मांडीवर ठेवलीत. "तिची न्हाय, माजी चूक हाय," म्हणालात. "मी हिला म्हशीला न्हाय, आवाजाला थांबायला शिकवलंय." संध्याकाळी स्वयंपाकघरात, मी पीठ मळत असताना, तुम्ही उंबऱ्यावर बसून मला काम सांगितलंत. रोज जीपमध्ये मागं बसायचं. रस्त्यात काही आलं की ओरडायचं, पण रोज आदल्या दिवशीपेक्षा हळू. शेवटच्या दिवशी अजिबात नाही. "तिच्या कानातनं तुला काढायची हाय," म्हणालात. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं. एखादा नट सैल करायचा तसं तुम्ही बोललात.

एक आठवडा मी स्वतःला कमी करत गेले. पहिल्या दिवशी खणखणीत. दुसऱ्या दिवशी शेजारणीशी बोलावं एवढं. मग जेवताना मीठ मागावं एवढं. कॉलेजातल्या मुली विचारायच्या, आवाज बसलाय का गं? मी सांगायची, बसलेला नाही, बसवतायत. पाचव्या दिवशी माझे ओठ नुसते हलत होते आणि ती थांबत होती. सायकलला, कुत्र्याला, शाळेच्या पोरांना. ज्या दिवशी मी फक्त श्वास आत घेतला आणि ती थांबली, त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठलीही ढाल जिंकून आणल्यावर आलं नव्हतं.

शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी तिची लायसनची परीक्षा, आणि डेअरीनं दिलेला महिना त्याच आठवड्यात संपत होता. तुम्ही निघताना मला म्हणालात, "आज काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाय." लासुर्ण्याच्या अलीकडं कालव्याचा पूल येतोय. पेंटरनं काढला तसाच आहे, फक्त खरा. डाव्या बाजूला ऊस उंच वाढलाय. मी मागच्या सीटवर डावीकडं बसलेय आणि उसाच्या फटीतून मला मेंढरं दिसतायत. साठ-सत्तर असतील, बांधावरून सरळ रस्त्याकडं येतायत. तुम्ही उजवीकडच्या ट्रककडं बघताय. तिला अजून दिसलेली नाहीत. मला माहीत आहे की अजून तीन मोजायच्या आत पहिली मेंढी डांबरावर असेल. माझा श्वास छातीत अडकलाय, तो मी आत घेत नाही आणि बाहेर सोडत नाही, कारण श्वासाचा आवाजसुद्धा ती ऐकेल.

तिनं ब्रेक दाबला. जीप पुलाच्या तोंडाशी थांबली, पुढच्या मेंढ्याच्या शिंगापासून हातभर अंतरावर. मेंढरं गोंधळून चाकांभोवती गोळा झाली. मागून मेंढका काठी उगारत, शिव्या देत पळत आला. तिनं खिडकीतून डोकं काढलं आणि जिभेनं एक आवाज काढला, टर्रर्र असा काहीतरी, तिच्या आजोबांच्या घरातला. सगळा कळप एका अंगाला झाला. मेंढका जागच्या जागी थांबला आणि म्हणाला, "कुणाची गं तू?" तिनं वडिलांचं नाव सांगितलं नाही. तुमच्याकडं बोट केलं. "मास्तरांची."

तुम्ही डोळे पुसलेत. घाम होता असं मी तेव्हा ठरवलं. म्हणालात, "झालं. आता हिला मागं वरडायला कुणी लागत न्हाय." आणि मग, जणू आता आठवण झाली म्हणून, तुम्ही मागं वळलात. "तू गप बसलीस. दिसत असून गप बसलीस. लई अवघड काम केलंस, बाई. माज्यानं झालं नसतं." त्या संध्याकाळी तुम्ही गजाच्या टोकाची लाल मोटार उघडून काढलीत, रॉकेलनं पुसलीत आणि माझ्या हातात दिलीत. माझ्या सगळ्या ढाली कपाटात आहेत. ती मोटार माझ्या टेबलावर आहे, हे लिहिताना माझ्यासमोर.

ती गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. कुठल्याही सभेत, शेवटून दुसरी. "माझ्या वडिलांनी मला बोलायला नाही, गप्प बसायला शिकवलं," इथून सुरुवात करायची, म्हैस आली की लोक हसतात, मेंढरं आली की सभागृह स्तब्ध होतं, लाल मोटारीला टाळ्या. आज लिहिते ते कुठल्याच मंचावर सांगितलेलं नाही. मी तुमचं ऐकून गप्प बसले नव्हते, आबा. तिनं जीप ठोकावी असं मला हवं होतं. माणूस मरावं असं नव्हे. दोन-चार मेंढरं, फुटलेला दिवा, तुमच्या तोंडून एक सुस्कारा आणि 'न्हाय जमलं' एवढं मला पुरलं असतं. तिचा टेम्पो गेला असता, भावाचं काम गेलं असतं, हे मला त्या तीन मोजण्यांत पक्कं माहीत होतं. तरी मी श्वास धरला. तुम्ही आयुष्यात मला मनापासून दिलेली एकमेव शाबासकी चुकून दिलीत, आणि मी ती परत केली नाही.

शेवटच्या आजारपणात तुम्ही उभी गाडी तिला दिलीत. मला विचारलंत, "तिला देऊ का? तुला काय करायचीय?" मी म्हटलं, द्या. तुम्हाला बरं वाटलं. आज ते केबिन गंजून गेलंय, पण त्याचं स्टिअरिंग तिनं जपलं. टेम्पोच्या कमाईतून बांधलेल्या तिच्या घरात, त्या नव्या खोलीत, शर्यतीच्या मोटारीतली असते तशी खोलगट खुर्ची आहे, समोर तीन पडदे आहेत, आणि मधे तुमचं ते मोठं काळं चाक. ते आता वळणावर आपोआप थरथरतं. कुणाकुणाला हाताशी धरून तिनं पडद्यावर आपलाच रस्ता घालून घेतलाय, पानमळ्यांसकट, पुलासकट. सकाळी डेअरीचे नवे ड्रायव्हर शिकतात, सुट्टीच्या दिवशी तिची नातवंडं शर्यत लावतात. बांधावर मोर आहे. मी म्हटलं, मोर पुसून टाक. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की ताई. मास्तरांचं एक तरी ऐकायचं न्हाय म्हणून मुद्दाम घातलाय." म्हणजे तुमचं न ऐकण्याची मोकळीकसुद्धा तिलाच.

तिनंच मला बसवलं. "उद्या भाषण करायचं तर एकदा बसून तरी बघा." माझ्या मागं स्टूल घेऊन ती बसली. रस्ता पळू लागला. बरं चाललं होतं. मग पुलाच्या अलीकडं, अवचित, डावीकडून म्हैस आली. मी सगळ्या ताकदीनं ओरडले, "म्हैस!" पाय जागचा हलला नाही. पडदा लाल झाला. शेजारच्या खोलीतून नातवंडं धावत आली. ती पोट धरून हसत होती, "ताई, ब्रेक पायात असतोय, तोंडात न्हाय!" मीही हसले. मुकं माणूस लागतं म्हणाला होतात, ते बरोबर होतं. बरोबर होतं म्हणून ते मला आवडलं असं मात्र नाही.

चहा पिताना ती म्हणाली, "एक सांगू? त्या दिवशी पुलावर मी आरशात बगितलं. मास्तरांनी सवय लावलेली, दहा मोजायचं आन् आरसा बगायचा. तुमी डावीकडं बगत होता आन् तुमचा श्वासच बंद. म्हटलं ताईंनी काय तरी बगितलंय. लगीच ब्रेक मारला. तुमी गप ऱ्हायला, पर तुमचं डोळं न्हाय ऱ्हायलं." कप खाली ठेवून म्हणाली, "मास्तरांना मी हे कदी सांगितलं न्हाय. म्हणलं, त्यांना वाटू दे मी माझं मी बगितलं म्हणून."

म्हणजे तीही एक शाबासकी चुकून घेऊन बसली आहे, आबा. हे ऐकून मला माया वाटायला हवी होती. मला वाटलं, हिनं निदान आज ते कुणाला तरी सांगून टाकलं.

निघताना दारात तिनं माझा हात धरला. तिच्या हाताला आता ग्रीस नसतं. म्हणाली, "उद्या तुमी गप बसल्याची ती गोष्ट सांगा हां. पोरांनी ऐकली पायजे. मला लई आवडती."

कागद संपत आला आहे. टिपणांसाठी दुसरा घ्यावा लागेल, आणि हा घडी करून त्या लाल मोटारीखाली ठेवते. मी तिला हो म्हणाले.